एक अट गेली तेव्हा: कॅनडातील डॉक्टरांच्या मदतीने मृत्यू (प्रकरण अभ्यास)

क्वेबेक प्रांतातले जाँ ट्रुशाँ सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मले. दोन्ही पाय आणि उजवा हात यांनी त्यांना कधी साथ दिली नाही. जे काही स्वातंत्र्य होते ते डाव्या हातावर. त्याच हाताने घास तोंडात जायचा, त्याच हाताने व्हीलचेअर चालायची. 2012 मध्ये मणक्यातली पोकळी अरुंद होऊन मज्जारज्जू दाबला गेला आणि तो हातही गेला. मग राहते घर सोडून दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थेत जाणे आले. तेव्हा त्यांनी पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

निकोल ग्लाडू त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. लहानपणी त्या पोलिओतून वाचल्या, पण उतारवयात त्याच पोलिओने पोस्ट-पोलिओ सिंड्रोमच्या रूपाने त्यांना पुन्हा गाठले. स्नायू झिजत चालले, कणा वाकला, श्वास पुरेनासा झाला.

दोघांचेही दुखणे बरे न होणारे, दोघांचेही डोके अगदी ठिकाणावर. दोघांनीही डॉक्टरांच्या मदतीने मरण मागितले आणि दोघांनाही एकच उत्तर मिळाले: तुम्ही मरणाच्या पुरेसे जवळ नाही.

हे उत्तर 2016 च्या कायद्यातल्या एका अटीतून आले होते, आणि हा प्रकरण अभ्यास त्या एका अटीचाच आहे. कॅनडाविषयी लिहिणारे बहुतेक जण एकतर 'घसरगुंडी सुरू झाली' अशी हाकाटी करतात, नाहीतर 'हक्क मिळाला' म्हणून पाठ थोपटतात. दोन्हीकडे एकूण आकडा नाचवला जातो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. ती अट होती तोवर कायदा मरणाऱ्या माणसाशी बोलत होता. अट गेली आणि तो अपंग माणसाशीही बोलू लागला. समाजावर काय परिणाम झाला हे पाहायचे तर याच जागी पाहावे लागते.

आधी शब्दाचे बोलू. मराठीत आपण सगळ्यालाच 'इच्छामरण' म्हणून मोकळे होतो. त्या शब्दामागे शरपंजरी पडलेले भीष्म उभे असतात: वर मिळालेला, उत्तरायणाची वाट पाहणारा, कुणाच्या सहीशिक्क्याची गरज नसलेला माणूस. कॅनडातला प्रकार तसा नाही. तिथे लेखी अर्ज लागतो, साक्षीदार लागतो, दोन स्वतंत्र वैद्यकीय तपासण्या लागतात आणि बहुतेक वेळा शेवटचे औषध डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (जादा प्रशिक्षण आणि अधिकार असलेली नर्स) स्वतः शिरेतून देतात. उपचार थांबवून मरण येऊ देणे हा आणखी निराळा विषय. तिथल्या 'मेडिकल असिस्टन्स इन डाइंग'चे लघुरूप 'मेड' सगळ्यांच्या तोंडी बसले आहे. पुढे तोच शब्द वापरतो.

अट कुठून आली

1993 मध्ये सू रॉड्रिगेझ या ए.एल.एस. (स्नायू हळूहळू निकामी करणारा, बरा न होणारा आजार) झालेल्या बाईंची डॉक्टरांच्या मदतीने मरण्याची मागणी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 अशी, एका मताच्या फरकाने फेटाळली. बावीस वर्षांनी, 6 फेब्रुवारी 2015 रोजी, 'कार्टर' खटल्यात त्याच न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी उलट निकाल दिला. आजार गंभीर आणि बरा न होणारा हवा, यातना त्या माणसाला असह्य वाटणाऱ्या हव्यात, असे न्यायालय म्हणाले. माणूस मरणाच्या दारात असलाच पाहिजे असे काही त्यात नव्हते.

ते संसदेने घातले. जून 2016 च्या कायद्यात शब्द आले की नैसर्गिक मृत्यू 'वाजवी रीतीने अपेक्षित' असावा. अमेरिकेतल्या ओरेगॉनसारखी सहा महिन्यांची मुदत नाही, कुठलीच मुदत नाही. शब्दच इतके सैल की त्यांचा अर्थ ज्याने त्याने लावावा. 2017 मध्ये ओन्टारियो प्रांतातल्या एका न्यायाधीशाने सत्तरीतल्या, संधिवाताने जखडलेल्या बाईंबाबत सांगितले की मृत्यू अमुक महिन्यांत येईल असे भाकीत डॉक्टरने करण्याची गरज नाही. वय आणि एकूण प्रकृती पाहून ठरवावे. म्हणजे संधिवाताची वृद्धा आत आणि पन्नाशीचे ट्रुशाँ बाहेर. अट तशी डगमगतीच होती, हे तिची बाजू घेणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

ट्रुशाँ आणि ग्लाडू न्यायालयात गेले. 11 सप्टेंबर 2019 रोजी क्वेबेकच्या सुपिरिअर कोर्टाच्या न्यायाधीश क्रिस्टीन बोडुआँ यांनी ती अट घटनाबाह्य ठरवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अपंगांना एक गट म्हणून 'दुर्बळ' धरून त्या गटाच्या रक्षणासाठी प्रत्येकाचा हक्क काढून घेता येत नाही, कोण दुर्बळ आहे, कोणावर दडपण आहे, हे एकेका माणसाकडे पाहून ठरवायचे असते. अपंगांच्या संघटनांनी केंद्र सरकारला अपील करण्याची विनंती केली. सरकारने अपील केले नाही. एवढ्या मोठ्या बदलावर सर्वोच्च न्यायालयाचे मत देशाला कळलेच नाही. मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते.

एप्रिल 2020

ट्रुशाँना परवानगी मिळाली. त्यांनी जून 2020 ठरवला होता. मार्चमध्ये कोरोना आला आणि शुश्रूषा संस्थांचे दरवाजे भेटायला येणाऱ्यांसाठी बंद झाले. ज्या माणसांच्या सोबतीने शेवटचे आठवडे काढायचे होते ती माणसे बाहेर आणि ट्रुशाँ आत. त्यांनी तारीख अलीकडे आणली. 7 एप्रिलला ते गेले.

त्यांचा निर्णय त्यांचाच होता. न्यायालयाने तो तावूनसुलाखून पाहिला होता. कोणी फूस लावली, ते खचले होते, असले काहीही नव्हते. पण मरायचे की नाही हे त्यांनी ठरवले आणि केव्हा मरायचे हे एका बंद दाराने ठरवले. पुढची पाच-सहा वर्षे कॅनडात ज्यावर भांडण चालले आहे ते इथे आधीच घडून गेले होते: यातनेचा किती भाग देहाचा आणि किती भाग देह जिथे ठेवला आहे त्या जागेचा?

नवा कायदा: सांगा, पण द्या असे नाही

17 मार्च 2021 रोजी सुधारित कायदा आला. त्याने दोन वाटा केल्या. मृत्यू अपेक्षित आहे त्यांच्यासाठी 'ट्रॅक 1'. इथे पूर्वीची दहा दिवसांची थांबण्याची मुदत काढली आणि दोनऐवजी एक साक्षीदार पुरेसा ठरला. मृत्यू अपेक्षित नाही त्यांच्यासाठी 'ट्रॅक 2'. इथे तपासणीला किमान 90 दिवस, आणि तपासणाऱ्या दोघांपैकी कोणी त्या आजारातला जाणकार नसेल तर तशा जाणकाराचा सल्ला.

याच सुधारणेने एक खरीखुरी जखम बुजवली, तेही सांगायला हवे. हॅलिफॅक्सच्या ऑड्री पार्कर यांचा स्तनाचा कर्करोग मेंदूपर्यंत गेला होता. परवानगी हातात होती, पण औषध देण्याच्या क्षणी पुन्हा एकदा शुद्धीत संमती द्यावी लागे. त्याआधी भान हरपले तर सगळेच फुकट. त्यांना नाताळ पाहायचा होता. या भीतीने त्या 1 नोव्हेंबर 2018 लाच गेल्या. माणसाला जपण्यासाठी घातलेल्या अटीने त्याच माणसाचे आठवडे खाल्ले. 2021 नंतर ट्रॅक 1 मधल्या माणसाला आधीच लेखी संमती देऊन ठेवता येते.

आता ट्रॅक 2 कडे. कायदा म्हणतो की यातना कमी करण्याचे जे मार्ग उपलब्ध आहेत त्यांची माहिती माणसाला दिली पाहिजे: समुपदेशन, मानसिक आरोग्यसेवा, अपंगांसाठीचे साहाय्य, पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारी शुश्रूषा). त्या सेवा देणाऱ्यांशी भेट देऊ केली पाहिजे. आणि त्या माणसाने या मार्गांचा गंभीरपणे विचार केला आहे, याची तपासणाऱ्यांना खात्री वाटली पाहिजे.

वाचताना सगळे रास्त वाटते. पुन्हा वाचले की खाच दिसते. माहिती द्या, असे कायदा सांगतो. सोय द्या, असे सांगत नाही. घराची प्रतीक्षायादी, वेदना-उपचार केंद्राची प्रतीक्षायादी, घरी येणाऱ्या मदतनिसाचे मंजूर तास, हे सगळे दुसऱ्या खात्यांचे, प्रांतांचे, कुणाचे तरी काम. मरणाच्या मदतीला मात्र कायद्याने दार, मुदत आणि जबाबदार माणसे नेमून दिली आहेत. एका बाजूला 90 दिवस मोजता येतात, दुसऱ्या बाजूला किती दिवस ते कोणी सांगत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये ओन्टारियोत 51 वर्षांच्या एका बाईने मेड घेतले. रसायनांची तीव्र असहिष्णुता हा तिचा आजार. सिगारेटचा धूर, साफसफाईच्या रसायनांचा वास आला की तब्येत ढासळायची, आणि ती राहत होती त्या इमारतीत हे दोन्ही भरपूर. धूर नसलेले, परवडणारे घर ती दोन वर्षे शोधत होती. डॉक्टरांनी तिच्या वतीने सरकारी अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली होती. त्या काळी ओन्टारियोत एकट्या अपंग व्यक्तीला सरकारकडून महिन्याला जास्तीत जास्त 1,169 डॉलर मिळत. घर मिळाले नाही.

तिचा अर्ज नियमात बसत होता. यातना खरी, आजार खरा, संमती खरी. यात कायदा कोणी मोडला नाही, हीच यातली अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. कायदा मोडला असता तर दोषी सापडला असता.

एका आकड्यात दोन समाज

2016 मध्ये, कायद्याच्या पहिल्या अर्ध्या वर्षात, मेडने झालेले मृत्यू सुमारे हजार होते. 2021 मध्ये 10,064. 2024 मध्ये 16,499, म्हणजे त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंच्या 5.1 टक्के. क्वेबेकचे प्रमाण 2023 मध्येच 7 टक्क्यांच्या वर होते. ओरेगॉनमध्ये हा कायदा 1997 पासून आहे आणि तिथले प्रमाण अजून यापेक्षा कितीतरी खाली. त्याचे एक कारण साधे आहे: ओरेगॉनमध्ये औषध स्वतःच्या हाताने प्यावे लागते, आणि ते लिहून घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते पीतच नाहीत. कपाटात बाटली असणे त्यांना पुरते. कॅनडात कपाट नाही, भेटीची वेळ आहे. घरी माणसे जमलेली असतात, डॉक्टर बॅग घेऊन आलेले असतात. 'आज नको' म्हणण्याचा हक्क शेवटच्या क्षणापर्यंत आहे, पण तो भरल्या खोलीत बजावावा लागतो.

त्या 16,499 पैकी ट्रॅक 2 मधले फक्त 732. उरलेल्यांत बहुतांश कर्करोगाचे किंवा इतर आजारांच्या शेवटच्या टप्प्यातले, सत्तरी-ऐंशीतले लोक. त्यातल्या बहुसंख्यांना पॅलिएटिव्ह केअर मिळालेली असते. ओन्टारियोतल्या सुरुवातीच्या वर्षांच्या अभ्यासात तर मेड घेणारे लोक इतर मृतांपेक्षा सुस्थितीतले निघाले. म्हणजे 'गरिबांना मारण्याचा कायदा' हे विधान ट्रॅक 1 ला लावले तर सरळ चुकीचे ठरते. तिथे उलटेच दिसते: आयुष्यभर स्वतःचे निर्णय स्वतः घेतलेली माणसे शेवटचाही निर्णय हातात ठेवू पाहतात.

ट्रॅक 2 चे चित्र दुसरे. 2023 च्या सरकारी अहवालात, यातनेचे एक कारण म्हणून एकटेपणा नोंदवलेल्यांचे प्रमाण ट्रॅक 1 मध्ये सुमारे 21 टक्के, ट्रॅक 2 मध्ये सुमारे 47 टक्के. ट्रॅक 2 मध्ये बायका जास्त. ओन्टारियोच्या मुख्य कॉरोनरने (मृत्यूंची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) नेमलेल्या समितीने 2024 मध्ये दाखवले की ट्रॅक 2 मधली माणसे सर्वांत वंचित वस्त्यांत राहणारी असण्याचे प्रमाण ट्रॅक 1 पेक्षा अधिक आहे. दोन्हींची बेरीज केली की 4-5 टक्क्यांचा हा छोटा गट मोठ्या गटाच्या सरासरीत विरघळून जातो. कायद्याचे समर्थक बेरीज दाखवतात, विरोधक 732 मधली एखादी कहाणी सांगतात. दोघेही खरेच बोलत असतात. ते वेगवेगळ्या समाजांबद्दल बोलत आहेत एवढेच.

आधी कोणी विषय काढायचा

माझ्या मते सर्वांत खोल परिणाम आकड्यात येतच नाही. तो दवाखान्यातल्या संभाषणात आहे. न्यूझीलंडच्या 2019 च्या कायद्याने डॉक्टरला हा विषय आपणहून काढायला बंदी घातली. रुग्णाने विचारले तरच बोलायचे. कॅनडाच्या कायद्यात अशी बंदी नाही. मेडची तपासणी करणाऱ्यांच्या संघटनेने तर, रुग्ण पात्र ठरू शकत असेल तर हा पर्याय त्याला सांगणे हे कर्तव्य मानले आहे. त्यामागचा तर्क समजतो: बाकी सगळे पर्याय सांगायचे आणि हा एकच लपवायचा, यात कसला प्रामाणिकपणा?

कर्करोगाच्या शेवटच्या महिन्यात हा तर्क चालतो. व्हीलचेअरवर बसून, छातीत कफ झाला म्हणून इस्पितळात आलेल्या चाळिशीच्या माणसाला तोच प्रश्न वेगळा ऐकू येतो. समोरच्याने आपल्या आयुष्याची किंमत केली आणि ती कमी भरली, असे त्याला वाटते. विचारणाऱ्याच्या मनात तसे नसले तरी. 2022 मध्ये उघड झाले की माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने, मदत मागायला आलेल्या काही माजी सैनिकांपुढे, त्यांनी विचारले नसताना मेडचा विषय काढला होता. खात्याने चौकशी केली, प्रकरण पोलिसांकडे गेले. मंत्र्यांनी ते चूक असल्याचे मान्यही केले. अपंगांच्या संघटनांनी मात्र त्याला एका कर्मचाऱ्याचा अगोचरपणा मानले नाही. जी गोष्ट कायदेशीर सेवा आहे ती सेवांच्या यादीत येणारच, असे त्यांचे म्हणणे.

पैशाचा हिशेबही झाला आहे, आणि तो सरकारी आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने अंदाज काढला: जुन्या कायद्यामुळे 2021 मध्ये आरोग्यखर्चात सुमारे 8.7 कोटी डॉलरची निव्वळ घट, नव्या बदलाने आणखी 6.2 कोटींची. प्रांतांच्या एकूण आरोग्यखर्चात ही रक्कम म्हणजे दर्यामें खसखस, आणि खर्च वाचवण्यासाठी मेड वापरावे असा याचा अर्थ काढू नये, असे त्याच अहवालात बजावले होते. पण आकडा एकदा छापला की छापला. घरभत्त्यासाठी चकरा मारणाऱ्या माणसाच्या मनातून तो पुसायचा कसा?

घर, दाखला, शुश्रूषागृह

साधारण चाळीस टक्के लोक मेड घरीच घेतात. कुटुंबाच्या दृष्टीने मृत्यूची तारीख आधी कळणे ही पूर्वी फारशी न अनुभवलेली गोष्ट. विमानाची तिकिटे काढता येतात, अबोला मोडता येतो, कोणाला काय द्यायचे ते स्वतःच्या हाताने देता येते. नर्स शीर शोधून सुई लावते आणि टेप चिकटवते. औषध देणारे डॉक्टर पुन्हा एकदा इच्छा विचारतात. बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांत सगळे संपते. ज्यांना हे मान्य होते त्यांच्यासाठी तो निरोप असतो. ज्या मुलाला मान्य नव्हते त्याला त्याच खोलीत उभे राहावे लागते, नाहीतर न जाण्याचे ओझे जन्मभर वाहावे लागते.

ओन्टारियोत 2017 पासून मृत्यूच्या दाखल्यावर मूळ आजारच कारण म्हणून लिहिला जातो. विम्याचा आणि गवगव्याचा प्रश्न त्याने सुटला. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगायचे हा प्रश्न घरोघरी वेगळा सुटतो.

संस्थांवरही ताण आला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डेल्टा हॉस्पिस सोसायटीने आपल्या, मरणाच्या जवळ आलेल्या रुग्णांसाठीच्या शुश्रूषागृहात मेड द्यायला नकार दिला. तिथला आरोग्य विभाग वर्षाला सुमारे 15 लाख डॉलर देत होता; 2021 मध्ये ते बंद झाले आणि संस्थेच्या हातून ते शुश्रूषागृह गेले. ओन्टारियोच्या अपील न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले की विवेकाला न पटणारी सेवा डॉक्टरने स्वतः दिली नाही तरी चालेल, पण देणाऱ्याकडे रुग्णाला पाठवलेच पाहिजे. काहींना हाही सहभागच वाटतो. तरी या बाबतीत निदान नियम स्पष्ट आहे.

आता

केवळ मानसिक आजारासाठी मेड देण्याची तरतूद मार्च 2023 मध्ये लागू व्हायची होती, मग 2024, आणि फेब्रुवारी 2024 मधल्या कायद्याने ती 17 मार्च 2027 पर्यंत पुढे ढकलली. मनोविकारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, आजार कधीच बरा होणार नाही हे कसे ठरवायचे यावर एकमत नाही, अशी कारणे दिली गेली. गंमत अशी की ही दोन्ही कारणे ट्रॅक 2 मधल्या बऱ्याच शारीरिक दुखण्यांनाही लागू पडतात.

सप्टेंबर 2024 मध्ये अपंगांच्या काही संघटनांनी ओन्टारियोच्या न्यायालयात ट्रॅक 2 लाच आव्हान दिले. मार्च 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने ट्रॅक 2 रद्द करण्याची शिफारस केली. अट काढा म्हणून न्यायालयात गेलेले दोघे अपंग होते, आणि ती वाट बंद करा म्हणून गेलेलेही अपंगच आहेत. 'अपंगांना काय हवे' असे एका वाक्यात विचारणाऱ्याला उत्तर मिळणार नाही.

निकोल ग्लाडू यांना हक्क मिळाला तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांनी तो वापरला नाही. मार्च 2022 मध्ये त्या नैसर्गिक मृत्यूने गेल्या, त्यामुळे मेडच्या वार्षिक अहवालातल्या मृत्यूंच्या आकड्यात त्या कुठेच नाहीत.